शाळेचं नाव : घरची

कोथरूडमधल्या एका सोसायटीत थोरलीचं नाव शाळेतून काढलं गेलं, धाकट्याचं तर घातलंच गेलं नाही, दोघं घरीच शिकू लागली आणि लिफ्टमधल्या गप्पांना कायमचा विषय मिळाला. आता थोरली अकरा वर्षांची आहे, धाकटा आठ. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. दहावीचं काय? मित्र कुठून मिळणार? आणि तिसरा, आवाज खाली आणून : काही प्रॉब्लेम झाला होता का? पहिल्याचं उत्तर घरात तोंडपाठ आहे. 14 वर्षं पूर्ण झाली की एनआयओएस या मुक्त विद्यालयातून दहावीला बसता येतं. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी धाकटा सहसा काकांच्याच नातवाबरोबर जिन्याच्या कठड्यावरून घसरत असतो. तिसऱ्याला आई नुसती हसते.

शाळा सुटली होती ती मुलांची. आईची सुटायची होती. सहल म्हटली की ती आदल्या रात्री वर्कशीट काढते : निरीक्षण, अनुमान, ‘मला पडलेले प्रश्न’. ‘मला पडलेले प्रश्न’ या रकान्यात थोरलीने एकदा ‘जेवण किती वाजता?’ असं लिहिलं होतं. तेव्हापासून आई पानावर सूचनाही छापते.

फेब्रुवारीअखेरची सहल दोन दिवसांची होती. बरोबर आजी. आजी येते ती सहलीला नव्हे, वाटेतल्या देवाला. निघोजला मळगंगेचं दर्शन झालं की मग कुकडीच्या पात्रात काय खड्डे बघायचे ते बघा, असा तह झाला होता.

निघोजचे रांजणखळगे पाहिले की पुण्यातल्या रस्त्यांबद्दल जरा आदर वाटायला लागतो. काळ्या कातळात नदीने माणूस उभा मावेल एवढे गोल, गुळगुळीत रांजण कोरलेत. आईने ‘अनुमान’ रकाना पुढे केला. थोरलीने उल्का लिहिली, धाकट्याने डायनोसॉर. बाबांनी गुपचूप मोबाइल काढला, पण तोवर आजी खळग्याच्या तळाशी उरलेल्या गोट्यांकडे बोट दाखवून मोकळी झाली होती : “हे वरवंटे. पाणी फिरवतं, हे वाटतात.” प्रवाहाच्या भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरागरा फिरून बेसाल्ट झिजवतात, भूगोलाच्या पुस्तकातही हेच आहे. फक्त तिथे वरवंटा नाही, म्हणून ते लक्षात राहत नाही.

दुपारी खोडद. 1928 साली 28 फेब्रुवारीला रामन यांनी आपला शोध जाहीर केला, म्हणून त्या दिवशी विज्ञान दिन. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात तेव्हा जत्रा भरते. प्रयोग मांडलेल्या शाळा, प्रयोग बघायला आलेल्या शाळा, आणि डबा खायला सावली शोधणाऱ्या शाळा. नोंदवहीपाशी बसलेल्या मुलाने मान वर न करता विचारलं, “शाळेचं नाव?”

आई अडखळली. घरी शिकणाऱ्या मुलांच्या आयुष्यात हा प्रश्न बँकेपासून चित्रकला स्पर्धेपर्यंत सगळीकडे येतो, आणि प्रत्येक वेळी आईला अपराध्यासारखं वाटतं. मागून आजी म्हणाली, “घरची.” त्याने शांतपणे लिहिलं, ‘घरची विद्यालय’. गाव विचारलं. विद्यार्थी संख्या दोन, शिक्षक तीन. असं प्रमाण जिल्ह्यात दुसरीकडे नसावं.

तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या उभारताना भरीव पत्रा वापरलाच नाही, ताणलेल्या तारांची जाळी वापरली. धाकट्याला हे पटेना. भोकांतून आकाश गळणार नाही का? समजावून सांगायला उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने स्वतःचा पंजा पसरला. या दुर्बिणीला हव्या असलेल्या लहरी वीतभरापासून अडीच मीटरपर्यंत लांब असतात, जाळीची भोकं बोटाच्या पेरापेक्षा फार मोठी नाहीत. लहरीला ती भोकं दिसतच नाहीत. वारा मात्र त्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. “म्हणजे पिठाची चाळण,” आजी म्हणाली, “कोंडा वर राहतो.” विद्यार्थ्याने क्षणभर विचार केला आणि ते वाक्य पुढच्या गटाला ऐकवलं.

मुक्काम नारायणगावात. वर्कशीटवर नारायणगाव फक्त ‘जेवण व झोप’ एवढंच होतं. पण यात्रांच्या हंगामाआधी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरवायला येतात. धाकटा एका राहुटीच्या दाराशी अर्धा तास उभा राहिला. आकडा वर जातो, चहा येतो, आकडा खाली येतो, कुणीतरी उठून जायचं नाटक करतं, त्याला हाताला धरून बसवतात. हे कुठल्या विषयात बसवायचं, यावर आईबाबांचं रात्री बारापर्यंत एकमत झालं नाही. (कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. त्यांनी राहुटीला नक्की मान्यता दिली असती.)

दुसऱ्या दिवशी नाणेघाट. कोकणातल्या बंदरांवरून जुन्नरकडे येणारा सातवाहनांचा व्यापारी रस्ता. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ किती केले, दक्षिणा किती दिली : गायी, घोडे, हत्ती, एके ठिकाणी 24,400 कार्षापण. घराण्यातल्या मंडळींचे पुतळेही होते. आता वर नावं आहेत आणि खाली कुठेकुठे पावलांच्या खुणा. “बाकीचे कुठे गेले?” धाकट्याने विचारलं. “ट्रेकला,” थोरली म्हणाली.

या लेखातले आकडे म्हणजे आपल्या अंकांचे खापरपणजोबा. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी, पण शून्य नाही. आईने हे मोठ्या नाट्याने सांगितलं. धाकटा गंभीर झाला. “मग नापास मुलाला काय देत असतील?”

बाहेर दगडी रांजण. येणाऱ्याजाणाऱ्याकडून जकात घेऊन त्यात टाकत, असं सांगतात. कालचे नदीचे, आजचा माणसाचा. धाकट्याने त्याला प्रदक्षिणा घातली, आत डोकावला आणि दर विचारले. ते कुणालाच माहीत नव्हते. परतीच्या वाटेवर टोलनाक्याला बाबांच्या फास्टॅगमध्ये पैसे नव्हते. मागच्या ट्रकने हॉर्न धरून ठेवला, बाबांनी दुप्पट भरले. मागच्या सीटवरून शांत आवाज आला : “रांजण बरा होता.”

वर्कशीट अर्धंच राहिलं. त्यात आजीने मळगंगेचा प्रसाद बांधून आणला.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात पितळी डबा दिसला. शेजारी पुठ्ठ्यावर दरपत्रक, ब्राह्मीत. आजीला एक आडवी रेघ, थोरलीला दोन आडव्या रेघा. बाबांसमोर अधिकाच्या चिन्हासारखी खूण होती, म्हणजे ब्राह्मीतला चार. बाबांना वाटलं, अधिक म्हणजे जीएसटी वेगळा. त्यांनी चहासाठी खिशातली दहाची नोट टाकली आणि पावती मागितली.