नानांचा माणूस

"कंपनीला फोन केलात? अरेरे!"

हे वाक्य नाना समाचाराला आल्याच्या आवाजात उच्चारतात. समोर शेजारी घामाने निथळत उभा असतो. ऐन एप्रिलात त्याचा एसी नुसतं पंख्याचं काम करत असतो आणि कंपनीच्या नंबरावरच्या मंजुळ बाईंनी 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगून त्याला बराच वेळ संतूर ऐकवलेलं असतं. नाना सगळं ऐकून घेतात. तक्रार क्रमांक किती आकडी मिळाला ते विचारतात. आकडे दहाच्या वर गेले असतील, तर नुसती मान हलवतात. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "सोडा ते. आपला एक माणूस आहे."

पुण्यात कोथरूडपासून कात्रजपर्यंत कुठल्याही सोसायटीत जा, पाणी नसेल एखाद वेळ, पण नाना असतातच. आमचे नाना छापखान्यात उमेदवारीला लागले आणि मॅनेजर होऊन निवृत्त झाले. मोतीबिंदूपासून मच्छरजाळीपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी त्यांच्याकडे माणूस आहे. या माणसांना स्वतःची नावं असावीत. पण सोसायटीतल्या कुणाला ती ठाऊक नाहीत. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये 'नाना एसी', 'नाना गिझर', 'नाना नळ', 'नाना सुतार' अशी रांग लागलेली असते. खुद्द नानांचा नंबर शोधायचा, तर 'नाना स्वतः' असा शोधावा लागतो. ए विंगमधल्या एका गृहस्थांनी गडबडीत 'नाना सुतार'ला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, तर त्याने उत्तर दिलं, "थँक्यू. दरवाजा कधी बघायला येऊ?"

इतकं सगळं माणूस फुकट कशाला करील, ही शंका पुण्यात कुणाला आली नसती तरच नवल. बी विंगमधल्या एका निवृत्त ऑडिटरांनी रीतसर तपास केला. कारागिराचं बिल बघितलं, बाजारातले दर काढले, नानांच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर गॅलरीतून नजर ठेवली. कमिशन सोडाच, कारागिराचा चहासुद्धा नानांच्याच घरातून जातो असं निष्पन्न झालं. नानांना हवं असतं एकच वाक्य, "नाना, तुमच्यामुळे झालं हो!" तेही घरी येऊन सांगितलेलं चालत नाही. लिफ्टमध्ये, चारचौघांत सांगावं लागतं.

आता कुणाला वाटेल, नानांना यंत्रातलं कळत असेल. तसं काही नाही. एसी थंड करत नाही, याचं नानांच्या मते एकच कारण असतं. गॅस. पाणी गळतंय? गॅस. आवाज येतोय? गॅस. रिमोट चालत नाही? सेल बदलून बघा, नाहीतर गॅसच. स्वतःच्या पोटाबद्दलही त्यांचं हेच निदान आहे, आणि तिथे मात्र ते बहुधा बरोबर असतं.

नाना सेक्रेटरी होते त्या काळात एका सभासदाने दीड टनाचा एसी बसवायची परवानगी मागितली, तेव्हा नानांनी बिल्डरच्या इंजिनिअरला पत्र लिहून 'सदर भिंत दीड टन वजन पेलू शकेल काय' अशी विचारणा केली होती. टन म्हणजे वजन नव्हे, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढी उष्णता खोलीतून ओढून काढण्याचा वेग, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, हे त्यांना पुढे कुणीतरी समजावलं. तेव्हापासून ते इतरांना समजावतात. शेवटी जोडतात, "पण भिंत तपासलेली बरी."

एसीबद्दलची एक गोष्ट मात्र ते अभिमानाने आणि अचूक सांगतात. १९०२ साली विलिस कॅरियरने आधुनिक एसीचा पहिला आराखडा केला तो न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा, आणि रंगावर रंग बसेना. "म्हणजे एसी आला तो कागदासाठी," नाना म्हणतात, "माणसं नंतर घुसली." छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाने हे सांगितलं की आपण उगाचच त्यांच्या उपकाराखाली आल्यासारखं वाटतं.

तर असे नाना आणि हा त्यांचा माणूस. माणूस म्हणजे पोरगाच आहे. लातूरकडचा. आयटीआयला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला. स्कूटरच्या पायाशी व्हॅक्यूम पंप, मागच्या सीटला बांधलेलं गॅसचं सिलिंडर, खांद्याला शिडी. बोलणं इतकं हळू की दुरुस्ती झाली का नाही, ते एसीच्या आवाजावरूनच ओळखावं लागतं.

काम चालू असताना नाना खुर्ची टाकून समोर बसतात. "गॅस गेलाय रे," ते जाहीर करतात. पोरगा म्हणतो, "असंल, नाना. आधी एवढं बघून घेतो." एवढं म्हणजे फिल्टर. तो जाळीवरची गोधडी सोलून काढतो, नळाखाली धुतो, आणि निम्म्या घरांतला एसी तिथेच गार पडतो. पाणी गळत असेल तर ड्रेनचा पाइप फुंकतो. बाहेरच्या युनिटमधून नुसती घुंघुं ऐकू येत असेल आणि पंखा फिरत नसेल, तर कपॅसिटर काढून मीटर लावतो. तो गेलेला असतो. काहीशे रुपयांची वस्तू. नाना विचारतात, "मग गॅस?" पोरगा म्हणतो, "गॅस बी बघितला नाना, बराबर हाय." ज्याला नानांचा मान आणि एसीचं प्रेशर एकाच वेळी राखता येतं, तो कारागीर लहान म्हणायचा नाही.

गॅसची खरी गोष्ट त्याने मला जिन्यात, नाना वर असताना सांगितली. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी लीक आहे. दर पाडव्याला येऊन गॅस भरून जाणारे भोक बुजवत नाहीत; बुजवलं तर पुढच्या पाडव्याला काय करतील? हा पोरगा आधी नळ्यांत नायट्रोजन दाबतो, सांध्यांवर साबणाचा फेस लावतो, बुडबुडा कुठे येतो ते बघतो, तिथे नट आवळतो नाहीतर डाग देतो. मग पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढतो, आणि युनिटच्या पट्टीवर लिहिलेलं वजन वाचून काट्यावर मोजून गॅस भरतो. जुन्या आर-२२ च्या यंत्रात नवा आर-३२ खपवत नाही. "आर-३२ थोडा पेट घेणारा असतो," तो म्हणाला, "डाग देताना आधी पूर्ण काढायला लागतो." एवढं सगळं करायला दुपार जाते. पैसे मात्र तेवढेच मिळतात.

मग यात नानांचं कर्तृत्व काय? तर त्याला आणणं. पाडवा ते पहिला पाऊस एवढा काळ एसीवाला भेटणं म्हणजे मुहूर्ताचा प्रश्न असतो. 'दहा मिनिटांत पोचतो' असं तो सांगतो तेव्हा तो हिंजवडीत कुणाच्या तरी शिडीवर असतो. आपण फोन केला की उचलत नाही. नाना सकाळी साडेसहाला करतात. तेव्हा तो अंथरुणात असतो, आणि फोन आई उचलते. नानांना आईचा कोणता गुडघा दुखतो ते ठाऊक आहे. बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका नानांनी जुन्या छापखान्यातून कागदाच्या किमतीत छापून दिल्या, वर वराच्या आडनावातली चूक स्वतः सुधारली. अशा माणसाला दोन तारखा देता येतात, तिसरी देता येत नाही.

आणि आठ दिवसांनी एसी पुन्हा बंद पडला, तर? कंपनीत नवा तक्रार क्रमांक मिळतो. इथे आपण नानांचं दार वाजवतो, आवाज चढवतो. नाना आपल्यापेक्षा जास्त चढवतात, फोनवर. संध्याकाळी पोरगा हजर. खरं म्हणजे एसी दुरुस्त करणारे गावभर आहेत. टंचाई असते ती दुसऱ्यांदा येणाऱ्याची. नाना हमी देतात ती यंत्राची नव्हे, त्या दुसऱ्या फेरीची.

थंडीत हाच कारखाना गिझरकडे वळतो. डिसेंबरातल्या पहाटे साबण लावलेल्या अवस्थेत लोक नानांना फोन करतात. टँकरच्या जड पाण्याने कॉइलवर पांढरा थर चढलेला असतो. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड टाकीऐवजी स्वतः गंजून संपलेला असतो. त्यासाठीच तो बसवलेला असतो, फक्त वेळेवर बदलायचा असतो, हे कुणी सांगितलेलं नसतं. असा झिजून काडी झालेला एक रॉड नानांनी ठेवून दिला आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणी समाजकार्याबद्दल बोलू लागलं, की ते तो काढून दाखवतात.

आता नानांच्या घरचा एसी. तो बंद होता. फार दिवसांपासून बंद होता. कारण सरळ होतं. पोरगा नानांकडून पैसे घेत नसे. आणि पैसे घ्यायचे नसल्यामुळे हंगामात नानांकडे यायला त्याला सवड होत नसे. नानांना सक्ती करता येत नसे, कारण फुकटच्या कामाची सक्ती करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्यामुळे दुपारी दोनच्या सुमाराला नाना विंगा-विंगांतून 'काम नीट झालंय का बघायला' निघत. बघायला त्यांना साधारण दीड तास लागे. तापमान २४ वर ठेवायला लावत. "सरकारनेच ठरवलंय. २०२० च्या जानेवारीपासून स्टार लेबलचा प्रत्येक नवा एसी २४ वरच सुरू होतो." मग डोळे मिटत. घरी काकू पंख्याखाली भाजी निवडत असत.

गेल्या उन्हाळ्यात सी विंगमध्ये आयटीतलं एक तरुण जोडपं राहायला आलं. त्यांनी नानांना न विचारता मोबाइलच्या ॲपवर एसीवाला बोलावला. ही बातमी वॉचमनकडून कळताच नाना गेटापाशी खुर्ची टाकून बसले. "बघू तरी, कोण येतोय."

दिलेल्या वेळेला, मिनिटाचाही फरक न पडता, स्कूटर थांबली. रंगीत टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात बुटांवर चढवायच्या पिशव्या. आणि त्या सगळ्याच्या आत आपला पोरगा.

"नाना, म्हणजे... मधी मधी यांचंबी घेतो," तो शिडीआड होत म्हणाला. "लेट झालं की पैसे कापतात ना."

नानांनी ओळखपत्र हातात घेतलं. त्यावर त्याचं पूर्ण नाव होतं. ते त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. वॉचमनने श्वास रोखला. मग नाना जमलेल्या मंडळींकडे वळले आणि म्हणाले, "पाहिलंत? एवढी मोठी कंपनी, पण शेवटी आपलाच माणूस घ्यावा लागला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना त्या जोडप्याकडे गेले आणि दार लोटून घेत हळूच म्हणाले, "ते तुमच्या फोनवरून आमच्याकडेही एक लावून द्या. पैसे आम्ही रोख देऊ." पोरगा अकरा म्हणजे अकराला आला. बुटांवर पिशव्या चढवून आत गेला. नानांना गॅस म्हणायचीही सवड न देता कपॅसिटर बदलला. काकूंनी गार हवेत बसून त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली आणि शिरा वाढला.

तो गेल्यावर ॲपने विचारलं, किती स्टार? जोडप्यातली मुलगी पाचावर बोट ठेवणार, एवढ्यात नानांनी तिचा हात धरला.

"चार," ते म्हणाले. "पाच स्टार यंत्राला शोभतात. माणसाचा एक आपल्या हातात ठेवावा, म्हणजे तो परत येतो."