दाढेची टोपी

संक्रांतीला तिळाची वडी चावली आणि तोंडात वडीहून कडक काहीतरी आलं. खडा समजून थुंकणार होतो, तर रूट कॅनालनंतर बसवलेली कॅप! दाढेला टोपी घालायला पैसे मोजले होते. टोपी घातली गेली मला.

घरात लगेच वैद्यकीय मंडळ बसलं. आईने लवंग पुढे केली. मेव्हणे टपरीवरून झटपट गोंदाची नळी घेऊन आले. ‘चप्पल चिकटते, मग दाढ का नाही?’ या तर्काला उत्तर नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दिलं: त्या गोंदाने हिरडी भाजते आणि कॅप केसभर वाकडी बसली तरी चावा बिघडतो. सैल कॅप तोंडात ठेवून झोपायचंही नाही. झोपेत ती श्वासनलिकेत उतरू शकते.

मग म्हणाले, ‘कॅप उत्तम आहे. खालचा दातच किडलाय.’ म्हणजे छप्पर शाबूत, भिंत पडली. आपल्याकडच्या पुलांचं नेमकं उलट.

पुढची तारीख गुरुवारची. तोवर कॅप बायकोच्या नथीच्या डबीत आहे. नथ बाहेर काढून ठेवलीय, ती तुलनेने स्वस्त आहे म्हणे.