दोन स्टेशनमास्तर

राऊटरवर लाल दिवा लागला की आमची गल्ली मला हाक मारते. मी जातो, डब्याकडे गंभीरपणे पाहतो आणि बंद करून चालू करतो. खरं तर लाल दिवा म्हणजे फायबरच्या तारेतून उजेडच येत नाहीये. बंद-चालू करून काही होत नाही. पण बऱ्याचदा तेवढ्यात लाईनमन तार जोडतो आणि श्रेय मला मिळतं. एवढ्या भांडवलावर नंदुरबारात मी चार वर्षं ‘सर’ आहे.

मग माझाच डबा बिघडला. नेट जायचं ते नेमकं रात्री आठला, आई धुतलेलं पातळ नेसून पुण्याच्या नातीसमोर बसली की. नात पडद्यावर गोठायची. आई बोलतच राहायची. तिला वाटायचं, पोर ऐकतेय.

तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी मेसेज: ‘आपली तक्रार सोडवली आहे.’ कुणी फिरकलंही नव्हतं. अशा पाच तक्रारी सुटल्या. काम न करता ते झाल्याचं आपल्यालाच कळवायचं, याची चीड अजून जात नाही.

शेवटी मी स्वतःचा राऊटर आणून कंपनीच्या डब्याला जोडला. इथे नवापूर स्टेशनाबद्दल सांगणं भाग आहे. (मी कुठल्याही विषयावरून नवापूरला पोचतो.) सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं आपलं, अर्धं गुजरातचं. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. घोषणा चार भाषांत. एका बाकाच्या मधोमध सीमा; नवरा-बायको दोन राज्यांत बसून एकाच पुडीतले शेंगदाणे खाऊ शकतात. तिकडे दारूबंदी, इकडे नाही. त्यामुळे खिशात काय आहे ते बघून कुठल्या टोकाला बसायचं ते ठरवावं. तरी गाड्या सुरळीत जातात, कारण स्टेशनमास्तर एकच आहे.

माझ्या घरात दोन झाले.

सहाव्या तक्रारीला विशीतला एक मुलगा आला. तार मीटरला लावून म्हणाला, “उणे एकोणीस. लाईन मस्त आहे, काका.” मग मोबाईलमध्ये डोकावला. “दोन्ही राऊटरांना १९२.१६८.१.१ हाच पत्ता? मोबाईलने ऐकायचं कुणाचं?”

चार वर्षांचा ‘सर’ पाच मिनिटांत ‘काका’ झाला.

“आणि हा रुमाल कुणी घातला? डबा तापून हँग होतो. तसाही खराबच आहे, बदलावा लागेल.”

आई दारात उभी होती. मिरच्या वाळवायच्या पथारीवरून उडणारा खकाणा आत जाऊ नये, नात स्वच्छ दिसावी, म्हणून महिनाभर क्रोशाने विणलेला रुमाल होता तो.

“मीच घातला,” मी म्हणालो.

मी गल्लीकडे ज्या नजरेने बघायचो, त्याच नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं.

सध्या डबा टेबलफॅनसमोर, माझ्या जागेवर बसतो. नवा बसवल्याचा मेसेज आलाय. डबा अजून आलेला नाही.