हेराल्डकाका

काकांना गाडी विकायची आहे, आणि गेली कित्येक वर्षं ते ती नेटाने विकत आहेत.

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला जन्म गेला. ग्रॅच्युइटी हातात आली, ती बरीचशी एका स्टँडर्ड हेराल्डच्या पत्र्यात मुरली. 1964ची, दोन दारांची, मद्रासला तयार झालेली. हेराल्डचं टप नटबोल्टांवर बसवलेलं असतं. काकांनी ते उतरवून माळ्यावर टाकलं आणि त्या दिवसापासून गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायला लागले. कुणी शंका काढलीच तर उत्तर तयार. "ट्रायम्फ स्पिटफायर ठाऊक आहे? 1962ची. तिची चॅसी हेराल्डवरूनच घेतली. स्पोर्ट्स कारची आई ती स्पोर्ट्स कारच ना?"

कामात मात्र खोट नाही. रंग आरशासारखा, शिटा नव्याने शिवलेल्या. नावाची अक्षरं मिळेनात, तर चिंचणीच्या एका डायमेकरकडून काढून घेतली. तो एरवी दागिन्यांचे डाय करतो, त्यामुळे शेवटच्या 'डी'ला किंचित झुमक्याची लकब आली आहे. एवढं सगळं करून गाडी शेडमध्ये ठेवली, ती ठेवलीच.

फोनवर काका सांगतात, "गाडी ए-वन. जरा चालू करून घ्यायची, बस्." म्हणजे टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालाय, कार्ब्युरेटरचे जेट बुजलेत, ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम आहेत आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसली आहे. इंधनाच्या रबरी नळ्यांना तडे गेलेत. त्याचा दोष ते पेट्रोलमधल्या इथेनॉलला देतात, आणि तो अगदीच खोटा नाही. उरलेलं काम तारापूरची खारी हवा बिनपगारी करते.

गिऱ्हाईक आलं की आधी चहा. मग बॉनेट. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं आणि इंजिन उघड्यावर येतं. इथे काका थांबून समोरच्याचा चेहरा बघतात. तो "वा!" म्हणाला तर दुसरा चहा, त्याने थेट भाव विचारला तर काकू आतून कप न्यायला येतात. मग गाडी पंचवीस फुटांत वळते, डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं आहे, हे सगळं होतं. गाडी गेटबाहेर निघत नाही, पण वळते पंचवीस फुटांत.

2021च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, पण ती रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती नाहीतर पेट्रोल भरायला, एवढ्यालाच बाहेर काढायची. मी हे काकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "मग अडचण काय? रोज एकेक लिटर भरायचं!"

किंमत दर दिवाळीला चढते. कारण विचारलं तर म्हणतात, "गाडी एक वर्षाने जुनी झाली ना."

मागे पालघरचे एक डॉक्टर आले. दोन्ही चहा प्यायले, बॉनेटला "वा!" म्हणाले, सांगितलेली किंमत घासाघीस न करता कबूल केली. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "टेम्पो बाहेर उभाच आहे. चढवायची का?"

काकांचा चेहरा उतरला. "टेम्पोत? माझी गाडी बोईसरच्या नाक्यावरून टेम्पोत जाणार? चालवत न्या."

"पण ती चालू कुठे होतेय?"

"मग एवढी घाई कसली करताय?"

डॉक्टर रिकामा टेम्पो घेऊन गेले. काकांनी गाडीवर कव्हर ओढलं, काकूंनी त्यावर पापड वाळत घातले. मला म्हणाले, "भाव वाढवायला हवा रे. आता डॉक्टर लोक विचारायला लागलेत."