ठरावांची कुमक

पाश्चात्त्यांनी युक्रेनला रणगाडे द्यावेत की नुसता धीर, यावर निपाणीत चहाच्या गाड्यावर हमरीतुमरी व्हायची. जानेवारी २०२२मध्ये जर्मनीने ५,००० हेल्मेट देऊ केली, तर कीव्हचे महापौर चिडले. चिडायचं काय त्यात? हेल्मेट निदान डोक्यावर घालता येतं. महाराष्ट्र आपला म्हणतो त्या निपाणी-बेळगावच्या सीमाभागाला महाराष्ट्राकडून मात्र कुमक येते ती ठरावांची. ६ डिसेंबर २०२२ला महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला येणार होते. दौरा रद्द झाला. त्याच दिवशी हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. मग २७ डिसेंबरला नागपुरात विधिमंडळाचा सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी ठराव, तोही एकमताने! या गावांवरचा महाराष्ट्राचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. गावं कर्नाटकात आहेत.