तालुक्याचं गाव पाण्यात

डल्लोलचं वेड माझ्या डोक्यात शिरलं त्याला कारण मिठाची घरं. इथिओपियाच्या वाळवंटातली ही पोटॅशच्या खाणीची वस्ती कधीच ओस पडली. १९६० ते १९६६ या वर्षांत तिथलं सरासरी तापमान ३४.६ अंश भरलं. सरासरी बरं का, म्हणजे रात्री आणि हिवाळासुद्धा धरून!

हिने शांतपणे ऐकलं. "भर उन्हात ओसाड गावच बघायचंय ना? मग आंबेगावला चला. एसटीत मला अर्धंच तिकीट."

कंडक्टरला म्हटलं, "एक पूर्ण, एक अर्धं, आंबेगाव."

"तालुका का गाव?"

"गाव."

"ते पाण्यात आहे. डिंभ्याचं देतो."

हा तालुकाच असा, की कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला आणि ज्याचं नाव लावतात ते डिंभे धरणाच्या पोटात. लग्नपत्रिकेवर मात्र 'ता. आंबेगाव' अजून ऐटीत छापतात. घोड नदी अडवून झालेल्या या जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूचं. तो इथल्याच महाळुंगे पडवळचा. १९३० साली मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला.

मे महिन्यात पाणी हटतं आणि गाव वर येतं. उतरलो तेव्हा दुपारचे बारा. गाळ वाळून त्याचे पापड झालेले, आणि पापड वाटले तिथेच खाली चिखल निघाला. डावी चप्पल आंबेगावने ठेवून घेतली. डल्लोलमध्ये हा धोका नाही, असं मी हिला ऐकवलं. तिने पदर डोक्यावरून ओढला, तेवढंच उत्तर.

घरांची जोती दिसू लागली. उजाड गावाचा एक फोटो घ्यावा म्हटलं, तर दर वेळी चौकटीत शेरडं. शेरडांमागे भुईमुगाचा हिरवा तुकडा, आणि त्यामागे जाळं उकलणारा कोळी. ओसाडपणाला कोणी जागाच देईना!

"गाळपेर आहे आमची," शेरडांमागून एक आजोबा आले. "पाणी हटलं की पेरायचं. पाव्हणं, काय शोधताय?"

"डल्लोलसारखं काही. तिथे खाण होती."

"हितंबी खाणच की. पाण्याची. कालव्यानं येडगावला, तिथनं पार करमाळ्यापर्यंत. ऊस तिकडं, गाव हितं."

मिठाच्या घरांचं सांगितल्यावर ते बराच वेळ विचारात पडले. "पाऊस आला मंग?"

"तिथे फारसा येत नाही."

"तरीच."

मग एका जोत्यावरची माती त्यांनी पायाने सारली. "ही आमची ओसरी. बसा." आम्ही बसलो. दगड तव्यासारखा तापलेला. मी उठलो, ही बसून राहिली. आजोबांनी तांब्याभर पाणी दिलं. निघताना म्हणाले, "फुडच्या उन्हाळ्यात या जेवायला. पन पावसाच्या आधी. मंग घर बंद असतंय."