लिफ्ट उचलते, पण धरत नाही

“काय गं शोभा, धाकट्या भावजींचा ट्रॅक्टर परत शोरूमला? सकाळी रिकामाच चाललेला दिसला.”

“विचारू नका काकू. नवा घेतल्यापासून शेतापेक्षा तिकडंच जास्त असतो. लिफ्ट रोटर उचलते, पण धरून ठेवत नाही. बांधावर वळेपर्यंत रोटर खाली! आडसाली लागण तोंडावर आलीय आणि दारात नवा ट्रॅक्टर असून भाड्याचा लावलाय.”

“शोरूमवाला काय म्हणतो?”

“आधी म्हणाला, तुमचा रोटर जड आहे. रोटर त्यानंच दिलेला! मग म्हणाला, तेल दुसरं टाकलंत. तेल त्याच्याच पहिल्या सर्व्हिसिंगचं. आता म्हणतो, ट्रॅक्टर कंपनीनं बनवला, मी नुसता विकतो.”

“नुसता विकतो! पैसे मोजून घेताना कंपनीला विचारलं होतं का, घेऊ का म्हणून?”

आमच्या आणि शोभाच्या परसात मेंदीचं कुंपण. त्याच्यावर धुणं कमी आणि बातम्याच जास्त वाळत असतात. त्यात आमच्या ह्यांची सगळी नोकरी सांगलीच्या ग्राहक मंचात गेली, आता त्याला आयोग म्हणतात. जेवताना तोंडी लावायला लोणच्याऐवजी केस असायची. ऐकून ऐकून मीही अर्धी वकील झाले.

“हे बघ, बिल कुणाच्या नावाचं? शोरूमच्या. पैसे कुणाला दिले? त्यालाच. मग सौदा त्याच्याशीच झाला. गोव्यातली एक केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. एकानं 2011ची नवी म्हणून गाडी घेतली, डीलरनं गळ्यात मारली 2009ची, सहाशेच्या वर किलोमीटर चाललेली. 2021 साली कोर्टानं कंपनीला सोडून दिलं. का, तर डीलर काही कंपनीचा नोकर नव्हे. तो कंपनीकडून माल विकत घेतो आणि आपल्या दुकानातून विकतो. त्याची लबाडी त्यानंच निस्तरायची.”

“पण इथं लबाडी नाही ना काकू, मालच बिघडलेला.”

“म्हणून अर्जात दोघांचीही नावं घालायची, शोरूमचं आणि कंपनीचं. मग एकमेकांकडं बोट दाखवत बसायचं तर आयोगापुढं बसा म्हणावं.”

“भावजी तर म्हणतात, घेईन तर नवा ट्रॅक्टरच घेईन.”

“हट्टानं मिळत नाही तो. 2006 सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, वॉरंटीत पार्ट बदलून देऊ असं लिहिलं असेल तर पार्ट मिळेल, अख्खी गाडी नाही. दोष मुळातला आहे हे सिद्ध झालं, तर बदलून द्या किंवा पैसे परत करा असं आयोग म्हणू शकतो. पण त्याला जाणकाराचा रिपोर्ट लागतो. गावातल्या फिटरला लिफ्ट उघडू दिली नाही ना?”

शोभा गप्प.

“उघडली?”

“नुसतं झाकण काढून बघितलं हो त्यानं.”

“झालं! आता शोरूमवाला म्हणणार, तुमच्याच फिटरनं बिघडवली. बरं, जॉबकार्डावर काय लिहिलंय?”

“जनरल चेकअप. दर वेळी तेच. शोरूमचा पोरगा लिहितो, भावजी सही करतात.”

इथं माझं डोकंच फिरलं. इतक्या खेपा मारल्या आणि कागदावर लिफ्टचं नाव नाही! शोरूममध्ये बाकी सगळं गोड असतं, चहा येतो, साहेब उठून उभे राहतात, फक्त तक्रार तेवढी कागदावर उतरत नाही. ‘लिफ्ट भार धरत नाही’ एवढे चार शब्द लिहायला त्या पोराचा हात दुखतो. लिहीत नसेल तर सहीच करू नये, घरी येऊन रजिस्टर पोस्टानं पत्र धाडावं. केस चालते ती अशा कागदांवर.

“आणि भावजी दुसऱ्याच्या रानात भाड्यानं मारणार आहेत ना?”

“मारणारच की. हप्ते कुठून फिटायचे?”

“मग शोरूमचा वकील म्हणेल, धंद्यासाठी घेतलाय, हे ग्राहकच नव्हेत. घाबरायचं नाही. स्वतः चालवून पोटापुरतं कमावणारा ग्राहकच असतो, 2019च्या कायद्यात तसं लिहिलंय. चार ट्रॅक्टर आणि पगारी ड्रायव्हर ठेवून धंदा मांडला असता तर गोष्ट वेगळी.”

“शोरूम तर कोल्हापूरचं आहे. तिकडं हेलपाटे घालायचे?”

“छे! आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आधी 1915 वर फोन करून बघ म्हणावं, कधी कधी तेवढ्यानंही हलतात. नाहीच हलले तर सांगली. दोन वर्षं उलटायच्या आत मात्र.”

“वकील किती घेईल हो?”

“वकील नसला तरी चालतं. आणि साडेसात लाखांच्या ट्रॅक्टरला आयोगाची फी दोनशे रुपये.”

“दोनशे? अहो, शोरूमला एक खेप मारायला डिझेलच त्याहून जास्त जळतं!”